पत्रिकेवरची गावे

धारच्या एका जुन्या वाड्यात सकाळचे पोहे-जलेबी नुकते आटोपले आहेत. हात धुऊन सगळे पुन्हा ओसरीवर जमतात. सतरंजीवर लग्नपत्रिकांचे गठ्ठे आहेत. काकू करंड्यातले कुंकू बोटावर घेतात, पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात आणि पत्रिका पुढे सरकवतात. पुतण्या ती पाकिटात घालून पत्ता लिहितो. काका भिंतीला टेकून बसले आहेत. त्यांच्या मांडीवर कापडी बांधणीची, कडा झिजलेली पत्त्यांची वही आहे. पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी खंडोबाला, तिसरी तुळजाभवानीला. देवांचे झाले, आता माणसांची पाळी.

"लिही," काका सांगतात. "नेवासकर, उज्जैन. पुणतांबेकर, महू. पैठणकर, इंदूर. सासवडकर, देवास, थोरली पाती..."

"काका, थोरली पाती आता कुठे आहे?"

"तू नको लिहू. मी आपलं मला सांगून राहिलो. घर कोणत्या बाजूला ते लक्षात राहतं."

मी शेजारी बसून ऐकते आहे. यादी सगळी माळव्यातल्या घरांची आहे. यांतले कोणी नर्मदा ओलांडून कायमचे परत गेलेले नाही, जाण्याचा बेतही नाही. पण कानावर पडतात ती गावे दख्खनची: नेवासे प्रवरेकाठचे, पैठण आणि पुणतांबे गोदावरीकाठची, सासवड कऱ्हेकाठचे. एका पानावर जुन्नर येते, दुसऱ्यावर चांदवड. काका नावे अशा सहजतेने वाचतात की जणू ही गावे धारच्या वेशीबाहेरच आहेत.

या घराचे आडनावही गावावरूनच पडलेले आहे. ते मी इथे लिहीत नाही. पारनेर तालुक्यातले एक गाव आणि त्याच्यापुढे ‘कर’, एवढे सांगितले तरी पुरे.

पुतण्याने एक पाकीट बाजूला ठेवलेले काकांना दिसते. ते उचलून चष्म्याजवळ नेतात.

"हे काय, देवलालीकर? देवळालीकर लिही. ळ काढ."

"काका, इथल्या पोस्टमनला ळ वाचता येत नाही ना."

"पोस्टमनने पत्ता वाचावा. नाव घरचे वाचतील."

पुतण्या निमूटपणे ल खोडतो आणि वर ळ काढतो. मला हे फार महत्त्वाचे वाटते. माळव्यातल्या पाट्या, शाळांचे दाखले, रेशन कार्डे, सगळे हिंदीत. हिंदी लिहिणारा कारकून ळ लिहीत नाही. त्यामुळे निंबाळकरांचे निम्बालकर झाले आणि होळकरांचे होलकर. इंदूरच्या विमानतळावर अहिल्याबाईंच्या नावापुढे मोठ्या अक्षरांत होलकर आहे. एका अक्षराने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण ज्या आडनावात फक्त एका गावाचाच पत्ता आहे, त्यातले अक्षर बदलले की पत्ताच चुकतो. होळ नावाचे गाव नीरेकाठी आहे, होल नावाचे नाही. इंदुरात दोन पिढ्यांना चित्रकला शिकवणारे द. दा. देवळालीकर, ज्यांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे घडले, त्यांचे नाव आता इथे देवलालीकर असेच छापतात. नाशिकजवळची देवळाली त्या नावातून हळूहळू पुसट होते आहे.

काकू मधेच विचारतात, "तुझ्या पुण्यात पुणेकर आडनावाचे लोक किती भेटतात गं?"

फार थोडे, असे मी सांगते, आणि उत्तर देता देताच मनात सगळे जुळत जाते. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावण्याची गरजच नसते. तिथे माणूस बापाच्या नावाने, धंद्याने, वतनाने, वाड्याच्या जागेने ओळखला जातो. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, सुतार ही गावाच्या आतली नावे झाली. गाव सोडून तो दुसऱ्या मुलखात उतरतो, तेव्हा तिथले लोक विचारतात, कुठले? आणि जे उत्तर येते तेच त्याला चिकटते. म्हणजे नेवासकर हे नाव नेवाशात जन्मलेले नाही. ते वाटेवर जन्मले, दुसऱ्यांच्या तोंडून.

राजघराण्यांचेही तेच. पेशवाईतल्या मराठीत नागपूरकर भोसले असतात, करवीरकर छत्रपती असतात आणि धारकर पवार, देवासकर पवार असतात. धारमध्ये बसून धारचे पवार स्वतःला धारकर कशाला म्हणतील? ते नाव पुण्याच्या दिशेने पाहिले म्हणून झाले.

दुपारी काका मला किल्ल्यावर नेतात. वाटेत एक पत्रिकाही द्यायची आहे, म्हणून पिशवी खांद्याला आहे. किल्ला शहराच्या अंगावरच्या टेकडीवर आहे, चढ फार नाही. वर खरबुजा महाल आहे. आनंदीबाईंनी १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाला जन्म दिला तो याच किल्ल्यात. शाळेची सहल आली आहे. मुले महालाच्या पायऱ्यांवर चढतात, उतरतात, पुन्हा चढतात, आणि शिक्षिका शिट्टी वाजवते. तटावरून खाली धार दिसते: घरांची दाटी, हिरवी झाडी, मुंज तलावाचे पाणी. परमार राजा मुंजाचे नाव त्या पाण्याला हजार वर्षे चिकटून आहे. त्याचा पुतण्या भोज. भोजाची धार म्हणजे हीच.

काका तटाला टेकून उभे राहतात आणि आपल्या आवडत्या विषयाला हात घालतात.

"इथून दोन वाटा गेल्या बघ. एक फलटणला गेली."

मला गोष्ट माहीत आहे, तरी त्यांच्या तोंडून ऐकायची आहे. फलटणच्या नाईक-निंबाळकरांची परंपरा अशी सांगते की त्यांचा मूळ पुरुष निंबराज हा धारच्या परमारांपैकी. माळव्यात परमारांचे दिवस फिरले तेव्हा तो दक्षिणेत उतरला, शंभू महादेवाच्या डोंगरांच्या आसऱ्याला गेला आणि फलटणजवळ निंबळक इथे राहिला. त्या गावावरून घराणे निंबाळकर झाले. याच घराण्यातली सईबाई शिवाजी महाराजांची पहिली राणी, संभाजी महाराजांची आई.

"म्हणजे पवार तिकडे जाऊन निंबाळकर झाले," काका म्हणतात, "आणि जे पवारच राहिले ते परत इकडे आले."

दुसरी वाट हीच. पवारांचे आडनाव गावाचे नाही, कुळाचे आहे. परमार, पवार, पंवार अशी त्याची रूपे. सुपे आणि मलठण या गावांशी हे घराणे जोडलेले आहे. साबूसिंग पवार शिवकाळात होते, त्यांच्या पुढच्या पिढ्यांत घराणे वाढले. उदाजी पवार पहिल्या बाजीरावाच्या आणि चिमाजी अप्पाच्या बरोबरीने माळव्यात लढले. २९ नोव्हेंबर १७२८ ला अमझेऱ्याला माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर मारला गेला आणि मराठ्यांना माळवा मोकळा झाला. ते अमझेरे आज धार जिल्ह्यातच आहे, काकांच्या बोटाच्या रोखाने पश्चिमेला. पुढे आनंदराव पवारांकडे धार आली. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांकडे देवास आले. धारचे यशवंतराव पवार १७६१ ला पानिपतावर पडले.

परमारांशी नाते सांगणारे घराणे चारपाचशे वर्षांनी परमारांच्याच राजधानीत येऊन बसते, हा योग मला इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकाइतका मोठा वाटतो. वंशावळीच्या अगदी वरच्या फांद्यांवर शंका घेणारे घेतील आणि त्यांनी ती घ्यावीही. पण ही माणसे स्वतःबद्दल काय सांगत आली, यालाही इतिहासात जागा आहे. निंबाळकरांनी धार सांगितली पण नाव निंबळकाचे लावले. पवारांनी सुपे सांगितले पण नाव कुळाचे ठेवले. एकाच मुळाच्या दोन घरांनी आठवण ठेवण्याच्या दोन रीती निवडल्या.

पवारांबरोबर, होळकर-शिंद्यांबरोबर बारगीर आले, कारकून आले, भटजी आले, सोनार, शिंपी आले. काकांच्या वहीतले नेवासकर आणि पुणतांबेकर त्यांच्यातले. राजे गेले, संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. वहीतली नावे मात्र तशीच राहिली.

उतरताना काका एका घरासमोर थांबतात, पत्रिका देतात आणि पाणी पिऊन निघतात. दारावरच्या पाटीवर वाकणकर असते तर किती बरे झाले असते, असा विचार माझ्या मनात येतो. कारण भीमबेटकाची चित्रे १९५७ मध्ये जगापुढे आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर याच धारशी जोडलेले, जन्म नीमचचा. माळव्यातल्या गुहांमधला हजारो वर्षांपूर्वीचा माणूस शोधून काढणाऱ्याच्या नावात कोकणातले वाकण आहे. माझ्यासारख्या माणसाला अशी एखादी जोड दिवसभर पुरते.

दुसऱ्या दिवशी पुतण्या गाडी काढतो. पीथमपूरचे कारखाने मागे टाकत आम्ही महूला पोचतो. पुणतांबेकरांकडची पत्रिका पाच मिनिटांत देऊन होते, कारण घरात कोणी नसते आणि शेजारीण ती घेते. मग मी त्याला गाडी बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मभूमीकडे वळवायला सांगते.

पांढऱ्या संगमरवरी स्मारकासमोर चपलांची रांग लागली आहे. नागपूरकडची एक बस येऊन थांबते. निळ्या काठांच्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया उतरतात, पदर सावरतात, हात जोडतात. "जय भीम" एकीकडून येतो, दुसरीकडून परत जातो. सात-आठ वर्षांची एक मुलगी वडिलांचे बोट धरून पाटीवरची अक्षरे जुळवत वाचते आहे: डॉ-क्-ट-र... आंबे-ड-कर. वडील तिला सांगतात, "बाबासाहेबांचं गाव आंबडवे. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगडाकडे. आपण जाऊ तिकडं पण."

ती विचारते, "मग इथं का जन्मले?"

"त्यांचे वडील फौजेत होते. सुभेदार."

एवढ्या चार वाक्यांत एका आडनावाचा सगळा प्रवास आला. रामजी मालोजी सकपाळ महूच्या छावणीत लष्करी शाळेत शिकवत होते. १४ एप्रिल १८९१ ला त्यांना मुलगा झाला. सकपाळ हे घराण्याचे नाव. रामजींनी मुलाच्या नावापुढे गाव लावले, आंबडवेकर, आणि साताऱ्याच्या शाळेत त्याचे आंबेडकर झाले. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव त्या शाळेच्या पटावर आले. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

मी त्या चपलांच्या रांगेजवळ उभी राहून विचार करते आणि मला हे ठामपणे म्हणावेसे वाटते: गावावरून पडलेले आडनाव हे मराठीतले सर्वांत मोकळे आडनाव आहे. कुलकर्णी म्हटले की वतन आले, जात आली. पण ‘कर’ लावायला गाव असले की पुरते. या एका रस्त्यावर पाहा. इंदूरचे होळकर धनगर, महूचे आंबेडकर त्या काळी अस्पृश्य मानलेल्या महार घरातले, फलटणचे निंबाळकर मराठा, वाकणकर ब्राह्मण. चौघांच्या नावांचा साचा एक. ज्या समाजाला गावाच्या वेशीबाहेर राहायला लावले, त्या समाजातल्या एका सुभेदाराने मुलाला सबंध गावाचे नाव दिले. वेशीच्या आतल्यांइतकाच त्या गावावर माझाही हक्क आहे, असे त्या नावात मला ऐकू येते.

गाडीत बसल्यावर पुतण्या विचारतो, "बाहेरच्या देशांत पण असं असतं का, गावावरून?"

असते, आणि महूशी जुळणारे उदाहरणही आहे. इंग्लंडात १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर जमीनदार आपल्या गावाचे नाव लावू लागले आणि पुढच्या दोनतीनशे वर्षांत साध्या माणसांतही ही चाल उतरली. बाराव्या शतकात उत्तरेकडे हार्टबर्नचा विल्यम म्हणून एक सरदार होता. ११८३ च्या सुमारास त्याने हार्टबर्न देऊन बदल्यात वेसिंग्टन नावाचे गाव घेतले आणि आपले नावही बदलले. तो वेसिंग्टनचा विल्यम झाला. कालांतराने मधला ‘चा’ गळाला, उच्चार फिरला, वॉशिंग्टन राहिले. त्या वंशातला एक जण सतराव्या शतकाच्या मध्यावर समुद्र ओलांडून व्हर्जिनियात गेला. त्याचा पणतू जॉर्ज. आणि जॉर्जच्या नावावरून अमेरिकेची राजधानी.

"म्हणजे गावाचं नाव माणसाला," पुतण्या बोटे मोडत म्हणतो, "आणि माणसाचं नाव शहराला."

"आणि आपण आत्ता कुठून निघालो?"

तो क्षणभर थांबतो, मग स्टिअरिंगवर हात मारतो. "डॉक्टर आंबेडकर नगर!"

होय. २००३ पासून महूचे सरकारी नाव तेच आहे, रेल्वे स्टेशनवरही तेच. मंडणगडाकडचे एक लहानसे गाव एका माणसाच्या नावात शिरले आणि शंभर वर्षांनी शेकडो कोस दूरच्या छावणीच्या गावावर जाऊन बसले. आंबडव्याची अक्षरे आज माळव्यातल्या रेल्वे तिकिटांवर छापली जातात.

इंदूर लागते. इथे थांबायचे नाही, पैठणकरांची पत्रिका परत येताना द्यायची आहे, पण राजवाड्यावरून गाडी नेल्याशिवाय पुतण्याला राहवत नाही. सात मजल्यांचा दरवाजा, खाली कबुतरे, फुगेवाले, कपड्यांची दुकाने. मल्हारराव होळकरांचा हा वाडा. १६९३ मध्ये जन्मलेला, मामाकडे खानदेशात तळोद्याला वाढलेला हा पोरका मुलगा सुभेदार झाला आणि नीरेकाठचे होळ हिंदुस्थानभर गेले. होळचे नाव पुढे क्रिकेटच्या मैदानावरही उतरले: होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९४८ मध्ये पुण्याला नाबाद ४४३ धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर पुढे या संघाकडूनही खेळले. निंबळक आणि होळ ही नीरेच्या परिसरातली दोन गावे अशी इंदुरात एका धावफलकावर आली.

याच शहरात २८ सप्टेंबर १९२९ ला लता मंगेशकरांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांनी, दीनानाथांनी, गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतले. ते घराण्यात आधीपासून नव्हते, त्यांनी ते निवडले. आडनाव पडते तसे निवडताही येते. देवळाचे गाव, जिथे आई राहिली, जिथे सूर कानावर पडले, ते त्यांनी निवडले. मंगेशीला कधी न गेलेल्या कोट्यवधी माणसांच्या तोंडी आज ते गाव आहे.

देवासला पोचेपर्यंत उन्हे कलली आहेत. सपाट मुलखात एकटी उठलेली टेकडी दुरून दिसते. तिच्यावर दोन देवी, तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक मोठी माता, धाकटी माता म्हणतात. तुळजाभवानीच्या नावातही तुळजापूर आहेच. पायथ्याशी नारळ, चुनऱ्या, प्रसादाची दुकाने. इथे संस्थाने दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे आणि गाव मात्र एकच. थोरल्या पातीचे विक्रमसिंह पवार १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. आजोबा शाहू महाराज, आईचे माहेर कोल्हापूर. दत्तकाबरोबर पवारांचे भोसले झाले. कुळाचे नाव असे एका विधीत बदलते. गावाचे नाव बदलायला गाव सोडावे लागते.

टेकडीच्या पायथ्याशी भानुकूल आहे, कुमार गंधर्वांचे घर. आम्ही बाहेरच थांबतो. झाडांमागे शांत घर आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली १९४८ मध्ये आजारी अंगाने देवासला आले, क्षयाने एक फुप्फुस निकामी झाले, पाच-सहा वर्षे गाणे बंद राहिले, आणि त्या मुक्या वर्षांत अंथरुणावर पडून ऐकलेल्या माळवी लोकगीतांतून त्यांचे पुढचे गाणे उभे राहिले. आयुष्याची सगळी मोठी वर्षे देवासची. तरी त्यांना कोणी देवासकर म्हटले नाही. लहानपणी मिळालेले कुमार गंधर्व हेच नाव जगाने ठेवले. कर्नाटकातल्या गवयांची रीत आणखी वेगळी. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल: गावाचे नाव जसेच्या तसे, मागे पुढे काही न लावता. वॉशिंग्टनसारखेच.

आत्याचे घर दोन गल्ल्या सोडून. काकांची ही बहीण, देवासला दिलेली. सासरी तिला पहिल्या दिवसापासून सगळे धारवाली म्हणतात.

"ये गं, बस. पाणी घेऊन घे आधी. चाय ठेवू की सरबत?"

ती पत्रिका उघडत नाही, आधी देवापुढे ठेवते. मग चष्मा लावून वाचते, एक एक नाव, बोट फिरवत. नवऱ्या मुलाच्या नावाशी थांबते.

"पुण्यात याला काय म्हणतात माहीत आहे का तुला? ऑफिसात सगळे धारकर म्हणून हाक मारतात. मला फोनवर हसून सांगत होता."

"खरं आडनाव सांगत नाही का?" मी विचारते.

"सांगतो ना. पण तिकडे त्याच्या आडनावाचे आणखी तीन निघाले. मग हा धारकर झाला. मी रागावले आधी. मग वाटलं, म्हणू देत. त्याच्या पणजोबाला तर आपल्या गावात माळवेकर म्हणायचे."

पुतण्या चहाचा कप खाली ठेवतो. ही गोष्ट त्याने ऐकलेली नाही. मीही नाही.

आत्या सांगते. ती दहा-अकरा वर्षांची असताना आजोबा तिला आणि काकांना घेऊन पारनेरकडे गेले होते, आडनावातले गाव पाहायला. रेल्वे, मग बस, मग बैलगाडी. गावात चावडीसमोर उतरले. माणसे जमली. कोण, कुठले? आजोबांनी मोठ्या अभिमानाने आडनाव सांगितले, तर कोणाला काहीच बोध होईना. एक जण म्हणाला, आम्ही सगळे याच गावचे, असं आडनाव इथे कोण लावतो? घराचं नाव सांगा. आजोबांना घराचे नाव माहीत नव्हते. कधी लागलेच नव्हते. शेवटी आतून एका म्हाताऱ्याला हाताला धरून आणले. त्याने विचारले, पवारांच्या मागं माळव्यात गेले त्यातले का तुम्ही? हो म्हटल्यावर त्याने सगळ्यांना सांगितले, अरे, हे माळवेकर! आणि देवळामागची एक पडकी जागा दाखवली. नुसते जोते राहिले होते, वर निवडुंग. गावात त्या जागेला माळवेकरांचे जोते म्हणत होते.

"आजोबा जोत्यावर बसले," आत्या म्हणते, "आणि उठेनात. दादा भुकेने रडायला लागला तेव्हा उठले."

"काका कधी बोलले नाहीत हे," पुतण्या म्हणतो.

"तो रडला होता ना, म्हणून सांगत नसेल."

ती पत्रिका पुन्हा हातात घेते. मागच्या बाजूला कुलदैवते छापलेली आहेत, ती वाचते आणि सरळ व्यवहारावर येते. लग्न झाल्यावर जोडी तुळजापूरला जाणार, जेजुरीला जाणार. गाडी कोणती, मुक्काम कुठे, सोबत कोण? पुतण्या सांगतो: मनमाडवरून नगर, तिथे मुक्काम, सकाळी पुढे.

"नगर नाही म्हणत आता, आत्या. अहिल्यानगर झालं," तो स्वतःलाच दुरुस्त करतो.

"झालं ना, २०२४ मध्येच. चांगलं झालं. चौंडी तिथलीच. आपली अहिल्याबाई तिथूनच इकडे आली." मग कपाळाला आठ्या घालून ती वाटेचा हिशोब करते. "मग पारनेर वाटेपासून किती लांब? तासाभराचं वळण असेल. सकाळी लवकर निघा. त्याला म्हणावं, नवरी घेऊन गावात जा. देवळामागे विचारायचं. कोणी आडनाव विचारलं तर सांगायचंच नाही."

"मग काय सांगायचं?"

"माळवेकर म्हणायचं. आणि जोत्याचा फोटो काढून मला पाठवायचा, दादाला पण."

पुतण्या मोबाइल काढतो, नकाशा उघडतो आणि नगरपासून त्या गावापर्यंतचे अंतर पाहू लागतो. आत्या त्याच्या खांद्यावरून वाकून विचारते, "रस्ता डांबरी आहे का रे आता?"